संगणकाचे मुखत्यारपत्र

जो मनुष्य स्वतः कचेरीत हजर राहू शकत नाही, त्याने आपल्या वतीने काम पाहण्यासाठी दुसऱ्या कोणास मुखत्यारपत्र करून द्यावे, ही वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. आणि असे पत्र लिहून देताना मुखत्यार कोण, त्याला अधिकार कोणत्या बाबींचा, तो किती मुदतीचा, आणि पुढे मर्जी फिरल्यास तो रद्द कसा करावयाचा, या चार गोष्टींचा खुलासा झाल्यावाचून शहाणा मनुष्य खाली सही करीत नाही. संगणकाचा प्रश्न आला की मात्र हे पिढीजात शहाणपण आपण बाजूला ठेवतो. दूर अंतरावरून दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेता यावा म्हणून ज्या प्रणाली आज घरोघरी आणि कचेऱ्यांतून बसविल्या जातात, त्या बसविण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. आणि काम इतके सोपे असल्यामुळेच, तेवढ्या अवधीत आपल्या कागदपत्रांवरचा, पत्रव्यवहारावरचा आणि पुष्कळदा पैशांवरचाही अधिकार आपण कोणाच्या तरी हाती सोपवीत आहोत, ही जाणीव मनाला शिवत नाही. हे काम मुळात काय आहे, ते आतून कसे चालते, आणि कोणत्या क्रमाने केले असता ते निर्धोक होते, हे सर्वसामान्य वाचकाला समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तालुक्याच्या गावातील एखाद्या करसल्लागाराची कचेरी डोळ्यांसमोर आणावी. मार्चअखेर जवळ आलेली, टेबलावर पावत्यांच्या फायलींचा ढीग, कोपऱ्यात जुना पण इमानी असा एक संगणक, आणि त्यात टॅली या हिशेबाच्या प्रणालीत गावातल्या व्यापाऱ्यांची खाती. करसल्लागाराला रात्री घरी बसून तीच खाती पाहावयाची आहेत. शिवाय दिवसा तो परगावी गेला असता कारकुनाला काही अडले, तर पडदा दोघांनाही एकाच वेळी दिसावा आणि बोट ठेवून दाखविल्यासारखे सांगता यावे, अशीही त्याची इच्छा आहे. संगणकाची देखभाल करणारा तंत्रज्ञ पुण्यास असतो. विंडोजमध्येच असलेल्या रिमोट डेस्कटॉप या सोयीने त्या संगणकात जाण्याची तजवीज त्याने पूर्वीच करून ठेवलेली आहे. आता त्याच मार्गाने आत जाऊन त्याला एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा व्हीएनसी यांसारखी दुसरी प्रणाली तेथे बसवावयाची आहे. वरवर पाहता ही किरकोळ बाब दिसते; परंतु मिळालेल्या एका अधिकाराच्या बळावर दुसरा, अधिक व्यापक असा अधिकार निर्माण करण्याचे हे काम असल्यामुळे त्यातील प्रत्येक पायरी जाणून घेण्याजोगी आहे.

दूरच्या यंत्रावर काम करण्याची आकांक्षा संगणकांच्या जाळ्याइतकीच जुनी आहे. किंबहुना त्या जाळ्यावरून झालेला पहिला प्रयत्नच या जातीचा होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बसलेल्या चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर अंतरावरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश मिळावा म्हणून 'लॉगिन' हा शब्द टंकण्यास आरंभ केला. एल आणि ओ ही दोन अक्षरे पलीकडे पोहोचली, आणि तिसऱ्या अक्षरापाशी पलीकडची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने प्रवेश मिळाला. पुढे टेलनेट या पद्धतीने अशी ये-जा नित्याची झाली, पण तीत मोठे वैगुण्य होते: टंकलेला परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा उघडा जात असे, आणि वाटेत टपून बसलेल्या कोणासही तो वाचता येत असे. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा असाच प्रकार घडला, तेव्हा तेथील संशोधक टाटू यलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही सांकेतिक लिपीत बंद केलेली पद्धती निर्माण केली. दूरच्या प्रवेशाच्या इतिहासात सोय आधी येते आणि बंदोबस्त मागाहून, हा क्रम पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

हे सारे अक्षरांचे युग होते. चित्रमय पडदाच्या पडदा दूर नेण्याचे दोन प्रमुख मार्ग १९९८ या एकाच वर्षी सर्वांपुढे आले. केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत तयार झालेली व्हीएनसी प्रणाली त्या वर्षी सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून देण्यात आली; आणि मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्स या कंपनीकडून घेतलेल्या तंत्राच्या आधारे विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, तिच्याबरोबर आज आरडीपी या नावाने ओळखली जाणारी संदेशपद्धती जगात आली. २००१ साली विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत याच संदेशपद्धतीवर चालणारे रिमोट डेस्कटॉप समाविष्ट झाले, आणि जी सोय तोवर मोठ्या कंपन्यांच्या यंत्रशाळांपुरती होती, ती साध्या टेबलावरील संगणकास लाभली.

व्हीएनसी आणि रिमोट डेस्कटॉप या दोहोंचे काम कसे चालते, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील मजकुराचा उलगडा होणार नाही. तंत्रज्ञ पुण्यात बसून जे पाहतो, ते कचेरीतल्या संगणकाच्या पडद्याचे चित्र असते; त्याच्या कळफलकावरील प्रत्येक आघात आणि माउसची प्रत्येक हालचाल तिकडे पाठविली जाते, तिकडचा संगणक ती आज्ञा पाळतो, आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला असेल तेवढ्याचेच चित्र आक्रसून परत धाडतो. त्यामुळे हिशेबाची फाइल जागची हलत नाही, आणि साध्या इंटरनेट जोडणीवरही काम निभते. अंतराचा परिणाम मात्र टळत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर धरले, तर जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागणारच, आणि केबली सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांच्या मुंबईतील संगणकावर बाण हलविला की तो किंचित रेंगाळत पुढे सरकतो, तो दोष संगणकाचा वा मुलाचा नाही. निसर्गनियमापुढे इलाज चालत नाही.

रिमोट डेस्कटॉप हाताशी असताना दुसरी प्रणाली कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याची कारणे तीन. पहिले असे की, विंडोजच्या साध्या आवृत्त्यांत एका वेळी एकालाच काम करता येते. तंत्रज्ञ रिमोट डेस्कटॉपने आत आला की कचेरीतला पडदा बंद होऊन त्यावर कुलूपाचे पान येते, आणि कारकुनाला काही शिकविण्याचा हेतूच विफल होतो. व्हीएनसी, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर या प्रणाली समोरचा पडदाच दुसरीकडे दाखवितात, म्हणून दोघांना एकच दृश्य दिसते. दुसरे असे की, विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसऱ्याच्या संगणकात जाता येते, पण होम आवृत्तीच्या संगणकात रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. त्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. तिसरे कारण पत्त्याचे आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जगातील यंत्रे त्याहून अधिक. म्हणून घरातील आणि कचेरीतील संगणकांना १९२.१६८ ने आरंभ होणारे अंतर्गत पत्ते दिले जातात, आणि तेच पत्ते लक्षावधी ठिकाणी एकदम वापरात असल्यामुळे बाहेरून त्यांचा माग लागत नाही. एनीडेस्कसारख्या प्रणालीत कचेरीतला संगणक स्वतः होऊन कंपनीच्या मध्यस्थ संगणकाशी संधान बांधतो, तेथे त्याची एका क्रमांकाने नोंद होते, आणि तो क्रमांक देणाऱ्याशी मध्यस्थ त्याची गाठ घालून देतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तंत्रज्ञाने आत गेल्यावर सर्वप्रथम हिशेबाच्या माहितीची प्रत वेगळ्या जागी काढून ठेवावी; त्यानंतर प्रणाली तिच्या मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, आणि फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज या पानातील डिजिटल सिग्नेचर या सदरात निर्मात्याचे नाव उमटले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. शोधयंत्रात नाव टाकून जे पहिले हाती येईल ते घेण्याची सवय अनेकांना महागात पडलेली आहे, कारण प्रसिद्ध प्रणालींच्या नावाने बनावट फाइली पसरविणारे लोक नेमके याच आळसावर जगतात.

प्रणाली बसविताना विंडोज प्रशासकाची संमती विचारते. हा प्रश्न ते एका स्वतंत्र, संरक्षित पटलावर मांडते, जेणेकरून दुसऱ्या कोणत्या प्रणालीने मालकाच्या वतीने परस्पर 'होय' म्हणू नये. याच कारणाने, बसविल्याशिवाय तात्पुरती चालविलेली पडदा दाखविणारी प्रणाली या क्षणी आंधळी होते, आणि दूरच्या माणसाला काळा वा गोठलेला पडदा दिसतो. रिमोट डेस्कटॉपने आलेल्या तंत्रज्ञाला मात्र हा प्रश्न दिसतो आणि उत्तरही देता येते. म्हणूनच दुसरी प्रणाली बसविण्यास हा मार्ग सोयीचा. बसविताना ती सेवा म्हणून, म्हणजे कोणी आपले नाव घालून आत येण्यापूर्वीच संगणकाबरोबर सुरू होईल अशा रीतीने बसवावी लागते. कोणी समोर नसतानाही प्रवेश मिळावा म्हणून कायमचा परवलीचा शब्द ठरविता येतो, आणि येथेच मुखत्यारपत्राचा प्रकार ठरतो: समोरच्याने दर वेळी होकार दिल्यावरच उघडणारा प्रवेश म्हणजे एका कामापुरते खास मुखत्यारपत्र, आणि कायमच्या परवलीचा प्रवेश म्हणजे कुलमुखत्यारपत्र. दुसरा प्रकार करावयाचा, तर परवलीचा शब्द लांब आणि अन्यत्र कोठेही न वापरलेला असावा, मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या संकेताची अट घालावी, आणि कोणकोणत्या क्रमांकांनी आत यावे याची यादी प्रणालीत नोंदवून बाकीच्यांना मनाई करावी.

येथपर्यंत सारे सुरळीत झाले की पुष्कळ जण समाधानाने काम संपवितात, आणि घोटाळा नेमका पुढेच होतो. रिमोट डेस्कटॉपची जोडणी चालू असताना नव्या प्रणालीची परीक्षा घेतली, तर ती खरी परीक्षा होत नाही. कारण त्या वेळी आत असलेले सत्र तंत्रज्ञाचे असते, आणि तो निघून गेल्यावर संगणक कुलूपाच्या पानावर थांबतो. तेथून नव्या प्रणालीला पुढे जाता येते की नाही, हा खरा प्रश्न असतो. शिवाय संगणकाला पडदाच जोडलेला नसेल, तर दाखविण्यास काही नसल्यामुळे काळे वा अतिलहान चित्र येते, आणि त्यासाठी पडदा असल्याचा भास निर्माण करणारा लहानसा डमी प्लग मागे लावावा लागतो. म्हणून आधी रिमोट डेस्कटॉपमधून बाहेर यावे, मग संगणक नव्याने सुरू करवावा, आणि कोणीही त्याला हात लावलेला नसताना निव्वळ नव्या मार्गाने आत जाऊन पाहावे. ही परीक्षा चालू असताना पुण्याचा तरुण तंत्रज्ञ आणि कचेरीतील वडीलधारे कारकून यांचे फोनवर बोलणे काहीसे असे होते:

"काका, मशीन रीस्टार्ट केलंय. पासवर्ड विचारणारं पान आलं की कशालाही हात लावू नका, फक्त मला सांगा."

"आलं बघ पान. अरे, बाण आपोआप हलायला लागला की!"

"तो मीच हलवतोय, काका. आता हे नवं कनेक्शन पक्कं झालं."

एवढे पटल्यानंतरच पहिल्या मार्गात फेरफार करावा, त्याआधी कदापि नाही. विंडोजच्या संरक्षक भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, एक नियम चुकीचा लिहिला गेला तर लिहिणारा स्वतःच तत्क्षणी बाहेर फेकला जातो, आणि मग पुण्याहून एसटीने गावी जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अनुभवी लोक यावर साधा तोडगा योजतात: बदल करण्यापूर्वी, दहा मिनिटांनी जुना नियम आपोआप पूर्ववत होईल असे काम ते टास्क शेड्यूलरमध्ये लावून ठेवतात, बदलानंतर जोडणी टिकली तर ते काम रद्द करतात, न टिकल्यास दहा मिनिटे वाट पाहतात. संगणकाने स्वतः होऊन निद्रिस्त होऊ नये अशी व्यवस्था करावी, आणि आपल्याकडील भारनियमन ध्यानात घेऊन, वीज परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा ही निवड त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीत, करून ठेवावी.

धोक्याचा विचार आता करावयास हवा. रिमोट डेस्कटॉप ३३८९ या क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्याकडील दारावर, हाकेची वाट पाहते, आणि हा क्रमांक जगजाहीर आहे. राउटरमध्ये तो पोर्ट सरळ इंटरनेटला मोकळा करून दिला, तर अहोरात्र पत्ते धुंडाळणाऱ्या स्वयंचलित प्रणालींना तो थोड्याच वेळात सापडतो, आणि परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहण्याचा उद्योग सुरू होतो. कधी परवलीचा शब्दही लागत नाही. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधील अशा एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढे ब्लूकीप या नावाने ओळखला गेलेला हा दोष इतका गंभीर होता की, २०१४ सालीच ज्याची अधिकृत देखभाल संपली होती त्या विंडोज एक्सपीसाठीही कंपनीने दुरुस्ती दिली. यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे: ३३८९ बाहेर मोकळा ठेवू नये, त्यापुढे व्हीपीएनचे, म्हणजे इंटरनेटवरील खासगी सांकेतिक वाटेचे, संरक्षण असावे, सत्र उघडण्यापूर्वीच ओळख पटविणारी नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन ही अट चालू ठेवावी, आणि संगणक अद्ययावत असावा. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, ही गोष्ट ज्यांच्या कचेरीत अजून तेच चालते त्यांनी मनावर घ्यावी.

दुसरा धोका यंत्रातील दोषाचा नसून माणसाच्या विश्वासाचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक मोठा. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा दुरुपयोग करून होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले. पद्धत ठराविक असे: बँकेचा माणूस म्हणून कोणी फोन करावयाचा, खाते बंद पडेल असे भय घालावयाचे, मोबाइलवर ही प्रणाली उतरवून घ्यावयास लावावयाचे, आणि पडद्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक गोड बोलून काढून घ्यावयाचा. प्रणाली अस्सल, निर्माती कंपनी प्रतिष्ठित, सांकेतिक लिपी उत्तम. आणि तरीही खाते रिकामे, कारण मालकानेच आपल्या हाताने अधिकार दिला. म्हणून ज्याला आपण स्वतः हाक मारलेली नाही, त्याच्या सांगण्यावरून अशी प्रणाली कदापि उघडू नये, आणि ती चालू असताना बँकेचे व्यवहार करू नयेत. फसगत झालीच, तर लाजेखातर गप्प न बसता आधी इंटरनेट तोडावे, बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसे वाटेत अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

कायद्यानेही या विषयाचे मर्म परवानगीत पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हेच भरपाईस पात्र आहे, आणि ते कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु परवानगी तोंडी, मोघम आणि बेमुदत असली म्हणजे तिचा आधार दोघांनाही मिळत नाही: मालकाला आपण नेमके काय दिले हे सांगता येत नाही, आणि प्रामाणिक तंत्रज्ञालाही आपण मर्यादेत राहिलो हे सिद्ध करता येत नाही. घरातही हेच लागू आहे. आईवडिलांच्या संगणकावर कायमचा प्रवेश ठेवणाऱ्या मुलाचा हेतू निर्मळच असतो; तरीही त्यांचा पत्रव्यवहार त्यांचा आहे, आणि दर वेळी त्यांच्या होकारानेच उघडणारा प्रवेश ठेवला, तर मदतही होते आणि त्यांचा मानही राहतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, प्रत्येक कचेरीने एक साधी नोंदवही ठेवावी: कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी, कोणत्या तारखेस बसविली, आणि ती कधी काढावयाची. नोकर सोडून गेला, तंत्रज्ञ बदलला, काम आटोपले, की त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा, अधिकृत क्रमांकांच्या यादीतून त्याचे नाव काढावे, आणि गरज नसेल तर प्रणालीच उतरवून टाकावी. ज्या दिवशी ३१ मार्चचे हिशेब बंद होतात, त्या दिवशी ही वहीही एकदा वाचून पाहावी, आणि ज्या अधिकाराचे प्रयोजन उरलेले नाही तो तेथल्या तेथे रद्द करावा. हे काम करावयास तंत्रज्ञाची जरुरी नाही, मालकाने अर्धा तास बसणे पुरेसे आहे. आणि आपल्या यंत्राचा ताबा आज कोणाकोणापाशी आहे हे ज्याला विचारताक्षणी सांगता येते, त्यानेच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.